वाकड्या गल्लीतलं सरळ घर

कागदबुवांनी आयुष्यभरात एकाच पत्राला उत्तर दिलं नाही. बाकीच्यांना उशिरा का होईना, दिलं. आधी कच्चं लिहून, मग सुवाच्य उतरवून, पाकीट चिकटवल्यावर ते पुन्हा फोडून एखादा शब्द बदलून, पण दिलं. ते एक तेवढं राहिलं.

पत्र होतं त्यांच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचं. भाऊजी खाणीत टेकू लावायचे. खोदून पोकळी झाली की वरचं छत अंगावर येऊ नये म्हणून लाकडी खांब उभा करायचा आणि त्याच्या डोक्याशी पाचर ठोकून तो घट्ट करायचा, हे त्यांचं काम. लिहिण्याशी त्यांचा संबंध सहीपुरता. त्यामुळे त्यांच्या नावानं पाकीट आलं तेव्हाच बुवा जरा सावरून बसले होते. आत चार ओळी होत्या.

'नकाशे तुमच्या हातचे, म्हणून विचारतो. आपल्या घराखालून कधी खाणीचं काम गेलं होतं का? गेलं असेल तर हो म्हणा, नसेल तर नाही म्हणा. पण कळवा. कारण भेटीत सांगेन.'

बुवा त्याच खाणीच्या कचेरीत नकाशे काढत असत. कागदबुवा हे नाव तिथलंच. अख्खी नोकरी खाणीच्या तोंडाशी झाली, पण माणसांना खाली नेणाऱ्या लोखंडी पाळण्यात त्यांनी एकदाही पाय ठेवला नव्हता. खालचं जग त्यांना माहीत होतं ते शाईच्या रेघांत. पत्र आल्यावर त्यांनी जुन्या नकाशाची नक्कल काढून पाहिली. बहिणीच्या घराखाली कोरा कागद होता. एक रेघ नाही, एक ठिपका नाही.

म्हणजे उत्तर सोपं होतं: नाही. पण जमिनीखाली जन्म काढलेला माणूस उगाच असं विचारील का? आणि नकाशा चुकला असेल तर? चुकला असेल तर चुकवणारा हात कुणाचा? 'नाही' लिहायचं तर आधी स्वतःवर विश्वास हवा, आणि ती गोष्ट बुवांच्या घरात कधी नांदलीच नव्हती. पत्र खणात राहिलं. पुढच्या थंडीत भाऊजी छातीच्या जुन्या दुखण्यानं गेले. आता उत्तर द्यायचं कारण उरलं नाही, म्हणून बुवांना जरा सुटल्यासारखं झालं, आणि तसं झालं म्हणून स्वतःची लाजही वाटली.

मग एके सकाळी ताईचा फोन आला.

"गल्ली रिकामी करायला निघालेत. सगळ्यांना नव्या वसाहतीत एकेक खोली देणार म्हणे. पाहणीवाली बाई आली होती. ती म्हणते, घराखाली काम नाही असं जाणत्या माणसानं लेखी दिलं, तर तुम्हाला इथे राहू देते. माझ्या ओळखीत लिहिता येणारा जाणता माणूस तू एकटा. आता तू लिहितोस की नाही, हा भाग वेगळा."

"तुला तिथंच राहायचंय का, ताई?"

"मला इथून हलता येत नाही," ताई म्हणाली.

'हलायचं नाही' असं ती म्हणाली नव्हती. फोन ठेवल्यावर बुवांच्या ते लक्षात आलं.

*

गाव इतकं आडबाजूला होतं की तिकीट फाडताना बसच्या वाहकानं विचारलं, "तिथं अजून कोण राहतं, काका?"

बुवा उतरले तेव्हा दुपार व्हायची होती. खाणीवरचं मोठं चाक गंजून लाल झालं होतं आणि त्यावर पाखरं बसली होती. मातीच्या ढिगाऱ्यांवर गवत उगवलं होतं. खाण बंद पडल्यापासून गाव बसत चाललं होतं. पडत नव्हतं, बसत होतं, म्हाताऱ्या माणसासारखं, एकेका गुडघ्यावर. ताईच्या गल्लीत एक भिंत दुसरीशी काटकोन करत नव्हती. चौकटी तिरक्या झाल्या तशी लोकांनी दारं रंधून तिरकी करून घेतली होती. बहुतेक घरांना कुलपं होती. आणि काही घरांना, बुवांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, दारंच नव्हती. नुसत्या चौकटी, जांभई दिल्यासारख्या.

त्या सगळ्यांच्या मधोमध ताईचं घर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे बसायला एक पायरी. बुवांनी पाहिलं आणि त्यांना उगाचच संकोच वाटला, जसा रडारडीच्या घरात कुणी नटूनथटून बसलेलं पाहिलं तर वाटावा. घर सरळ होतं. दोन्ही बाजूंची घरं त्याच्यापासून बाहेर कलली होती, आणि ते मात्र कालच बांधल्यासारखं ताठ.

"ये, बुवा," ताई पायरीवरून म्हणाली. "पत्राचं उत्तर घेऊन आलास, की नुसताच आलास?"

ती खूप वाळली होती. पण जीभ होती तशीच होती.

"तुला ते पत्र माहीत आहे?"

"पाकिटावर पत्ता मीच घातला होता. त्यांचं अक्षर पोस्टमनला लागलं असतं होय?"

बुवांच्या पिशवीत ओळंबा होता, दोरीला बांधलेला पितळी लंबक. भिंत सरळ आहे की नाही हे पाहायचं गवंड्याचं साधन, पण बुवांना ते जवळ असलं की बरं वाटे. हातपाय धुतल्यावर त्यांनी तो मधल्या चौकटीला टांगला. लंबक थोडा डोलला आणि चौकटीच्या कडेला समांतर होऊन थांबला. केसाचंही अंतर नाही.

"कुणी दुरुस्ती केली का घराची?"

"कोण करणार? गल्लीत आता मी आणि पलीकडचे पाळणेवाले. त्यांना स्वतःचा पलंग सरळ ठेवता येत नाही."

"समोरच्या घरांची दारं कुठं गेली?"

"चोर नेतात. गेल्या महिन्यात मुकादमाचं गेलं. चांगलं हिरवं दार होतं, पत्र टाकायच्या पितळी फटीसकट." ती चहाचे कप विसळत होती. "कडीकोयंडे उचकटलेले नसतात. बिजागऱ्या नीट काढून उंबऱ्यावर ठेवलेल्या असतात. सभ्य चोर आहेत."

उन्हं खिडकीच्या खालच्या गजावर आली. पूर्वी याच सुमाराला भोंगा व्हायचा आणि दुपारची पाळी खाली जायची. ताई बोलता बोलता मध्येच उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं पलीकडच्या भिंतीकडून दबके ठोके ऐकू आले. मग ठक्, असा लाकडावर लाकडाचा आवाज झाला. ताई बाहेर आली आणि कप पुढे सरकवत म्हणाली, "निवतोय चहा."

"आत काय झालं?"

"कुठं काय? उंदीर."

बुवांनी चहा घेतला. उंदरासाठी दार लावून घेणारी बाई त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

*

पाळणेवाले म्हणजे खाणीचा पाळणा वरखाली करणारे. आता त्यांना पाळण्याइतकंच कमी ऐकू यायचं, असं तेच म्हणत. त्यांच्या घरात पलंगाच्या दोन पायांखाली विटा होत्या आणि पाहुण्याला जरा चढून बसावं लागे.

"बसा, कागदबुवा. घसरलात तर भिंत आहेच."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या सुमाराला बुवा मुद्दाम तिथे जाऊन बसले. त्यांच्या मनात एक संशय घर करून होता. दोन घरांमध्ये भिंत एकच. गल्लीत माणसं दोनच. ताई गेली तर हा म्हातारा एकटा पडणार. मग भिंतीवर काहीबाही वाजवून तिला इथे बांधून ठेवणारा हाच कशावरून नसेल? हा संशय त्यांना स्वतःलाच क्षुद्र वाटत होता, पण म्हणून तो जात नव्हता.

त्यांनी भाऊजींचा विषय काढला. पाळणेवाले खुलले.

"काय माणूस! छत बघितल्याशिवाय डबा उघडायचा नाही. खाली पद्धतच होती. एकानं काठीनं छत ठोकायचं, जोडीदारानं लांब उभं राहून आवाज ऐकायचा आणि आपल्या काठीनं उत्तर द्यायचं. उत्तर आल्याशिवाय कुणी हातोडी उचलायची नाही. आणि जोडीदार एकदा ठरला की जन्माचा. आम्ही थट्टा करायचो, मेल्यावर बायकोच्या गळ्यात पडतो म्हणून."

"मला माहीत आहे ती पद्धत," बुवा म्हणाले. "नियमांची छापील पुस्तिका होती ना? त्यातलं काठीवाल्या माणसाचं चित्र माझंच."

"हो का?" पाळणेवाले खो खो हसले. "फार उपयोगी पुस्तिका. आम्ही सगळे कपाखाली ठेवायचो. चित्रावर डाग पडलेत बरं का तुमच्या!" मग चहा ओतता ओतता म्हणाले, "पुस्तिकेतलं एकच खरं होतं. काम सोडून वर या, असा ठोका एकदा गेला की दुसरा ठोका कुणी मानायचा नाही. मग साहेबाच्या सहीची चिठ्ठी लागायची. ती मीच पाळण्यातून सोडायचो. सही नसली तर चिठ्ठी तशीच परत वर. टेकूवाले फार कडक."

तेवढ्यात आवाज आला.

भिंतीतून नव्हे. पलीकडून, आणि खालून. ठक्. ठक्. ठक्. कुणीतरी अंदाज घेत पुढे सरकत असावं तसे, थोड्या थोड्या अंतरावर. पाळणेवाल्यांच्या हातातली किटली कपावर तशीच थांबली. त्यांचे दोन्ही हात बुवांच्या डोळ्यांसमोर होते. मग पलीकडे ताईच्या घरात एकच ठोका वाजला आणि सगळं शांत झालं.

"मला काही ऐकू येत नाही," पाळणेवाले म्हणाले.

बुवांनी त्यांना काहीच विचारलं नव्हतं.

*

पाहणीवाली बाई तरुण होती, तोंडावर हसू होतं आणि डोळ्यांत नव्हतं. तिनं खोलीच्या चारही कोपऱ्यांत आपलं यंत्र लावून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"इतकं सरळ घर मी नव्या वसाहतीतही पाहिलं नाही," ती म्हणाली. "मला ते आवडत नाहीये. आजी, खरं सांगा, कुणाकडून काही काम करून घेतलंत?"

"या वयात काय काम करून घेणार, बाई? गुडघ्यांचं सोडून."

"काका, तुम्ही सांगा. नकाशे तुमचे."

"नकाशात काही नाही," बुवा म्हणाले.

"तेवढंच लिहून द्या. मी संध्याकाळी परत येते."

ताईला नव्या वसाहतीतली खोली निदान नजरेखालून घालावी लागणार होती, तसा नियम होता. पाहणीवाल्या बाईनं तिला आपल्या गाडीत बसवलं. "उन्हं कलायच्या आत मला परत सोडा," असं ताई तिला बजावत होती. जाता जाता खिडकीतून डोकं काढून ती बुवांना म्हणाली, "आतल्या खोलीत कशाला हात लावू नकोस. लिही बसून."

बुवा लिहायला बसले. 'सदर घराच्या खाली' इथवर लिहिलं, खोडलं. 'माझ्या माहितीप्रमाणे' असं लिहिलं, तेही खोडलं. माहिती कसली? लिहिलं आणि घर बसलं, तर ताई त्यात जाणार. न लिहावं तर तिला उचलून नेणार, आणि तिला तर हलता येत नाही. का येत नाही, हे ती सांगणार नाही. शेवटी ते उठले आणि आतल्या खोलीत गेले.

खोलीत भाऊजींची खाट होती, घडी घातलेलं पांघरूण होतं, आणि कोपऱ्यात त्यांची काठी. काठीचं टोक झिजून गोल झालं होतं. जमीन फळ्यांची होती. खाटेशेजारच्या एका फळीला खिळे नव्हते. तिच्या कडेतून गार हवा येत होती, आणि त्या हवेला ताज्या कापलेल्या लाकडाचा वास होता. गावात ताजं लाकूड येऊन एक पिढी लोटली होती.

बुवांनी फळी उचलली.

खाली माती असायला हवी होती. खाली एक दार होतं. आडवं, चेहरा वर करून निजलेलं, जमिनीला खालून घट्ट चिकटवून बसवलेलं. हिरवा रंग. मधोमध पत्र टाकायची पितळी फट, तिच्यावर झाकण. पितळ कुणीतरी अलीकडेच पुसलं होतं.

खाणीत छताच्या खाली अशाच फळ्या आडव्या लावत आणि त्यांना खालून टेकू देत. तो नकाशाही बुवांनी काढला होता. म्हणजे या घराची जमीन कुणाचं तरी छत होतं.

त्यांनी फळी बाजूला ठेवली आणि तिथेच बसले. उन्हं खिडकीच्या खालच्या गजावर आली होती. ताई आली नव्हती.

ठक्.

आवाज भिंतीकडून सुरू झाला. ठक्. ठक्. पायाखालून पुढे आला आणि हिरव्या दारापाशी थांबला. मग काहीच नाही. ती शांतता बुवांना ओळखीची वाटली. कुणीतरी प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहतं, तेव्हाची.

ठोके पुन्हा आले. घाई नव्हती, राग नव्हता. उत्तर येईल अशी खात्री होती.

पुन्हा आले.

बुवा त्या शांततेत बसून राहिले. आयुष्यभर ते असेच बसले होते, आणि कुणीतरी कुठेतरी वाट पाहिली होती. त्यांना पुस्तिका आठवली. त्यांच्याच चित्राखाली छापलं होतं: एक ठोका म्हणजे थांबा; दोन ठोके म्हणजे सर्व ठीक, काम चालू ठेवा. एवढं तरी त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी काठी उचलली, आणि जन्मात पहिल्यांदा कच्चं न लिहिता उत्तर दिलं.

दोन ठोके.

खाली काहीतरी थबकलं. मग लाकडावर हातोडीचा एक आडवा घाव बसला, आणि एक पाचर सुटून खाली पडली. पडायला फार वेळ लागला.

फडताळातला कप आपण होऊन सरकला.

*

ताई दारातूनच ओरडली. "काय केलंस?" गाडी तिनं गल्लीच्या तोंडाशी सोडली असावी. तिला धाप लागली होती. तिनं बुवांच्या हातातली काठी पाहिली. "किती दिलेस?"

"दोन. सगळं ठीक म्हणून."

"दोन?" ताई भिंतीला धरून खाली बसली. "अरे शहाण्या, ते साहेबांच्या पुस्तकात! माणसांत एक म्हणजे ठीक. दोन म्हणजे काम सोडा आणि वर या."

खाली दुसरी पाचर सुटली. मधल्या चौकटीचा ओळंबा कडेपासून बोटभर लांब गेला होता.

"कोण आहे खाली, ताई?"

"मी विचारलं नाही. तुझ्या भाऊजींनीही नाही. ते म्हणायचे, विचारतात त्याचं उत्तर द्यावं, कोण विचारतं ते बघू नये. ते गेल्यावर ठोके आले, मी दिलं. रोज देते." तिनं काठी हिसकावली आणि फळीवर एक ठोका दिला. दुसरीकडे जाऊन पुन्हा एक. खाली हातोडी चालूच राहिली. आता ती एका जागी नव्हती.

"चल बाहेर," बुवा म्हणाले.

"कुठं बाहेर? वर या म्हणून तूच सांगितलंस. ते येणार. घर पडलं तरी येणार."

बाहेर पायरी तडकल्याचा आवाज झाला. भिंतीपलीकडे पाळणेवाले काहीतरी ओरडले, आणि त्यांच्या पलंगाखालच्या विटा गडगडल्या.

"चिठ्ठी," बुवा म्हणाले.

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं.

बुवांनी अर्धवट खोडलेला कागद आणला, उलटा केला, आणि गुडघ्यावर ठेवून पेन्सिलीनं लिहिलं. अक्षर तरीही वळणदारच आलं.

'ती. भाऊजींस, सा. न. वि. वि. आपलं पत्र पोचलं. उत्तरास फार उशीर झाला. घराखाली काम आहे. नकाशा चुकला. छत ठीक आहे. काम चालू ठेवावं.'

त्यांनी कागदाची घडी केली, पितळी झाकण उचललं आणि कागद आत सोडला.

तो खाली पडला नाही. अर्ध्यावर थांबला, मग हळूच ओढला गेला, जसं जपून वाचणारं माणूस ओढून घेईल.

हातोडी थांबली.

ओळंबा होता तिथेच होता. मग झाकण आतून उचललं गेलं आणि कागद वर आला. उघडलेला. मजकुराखाली जिथे सही असायला हवी, तिथे ओला काळा अंगठा उमटला होता, जागा दाखवल्यासारखा.

"सही केली नाहीस," ताई कुजबुजली.

बुवा सही नेहमी सगळ्यात शेवटी करत. कधी कधी करायची राहूनच जाई.

"बुवा." ताईचा आवाज त्यांनी इतका मऊ कधी ऐकला नव्हता. "सही केलीस, तर रोज तुलाच उत्तर द्यावं लागेल. जन्मभर."

खाली हातोडी लाकडाला नुसती टेकवल्याचा आवाज आला.

बुवांनी पेन्सिल ओली करून सही केली. पूर्ण नावानं. कागद फटीत धरला, आणि सोडायच्या आधीच खालून तो घेतला गेला. बोटं त्यांच्या बोटांना लागली. गार होती आणि कोळशासारखी खरखरीत होती, आणि क्षणभर त्यांनी बुवांचा हात दाबला. नव्या जोडीदाराचा दाबतात तसा.

झाकण मिटलं. या वेळी कागद परत आला नाही.